डाव्या खांद्यावरची कळी

आमच्या गावात आता कुणी हॉकी खेळत नाही. ज्या गायरानावर आमची टीम हरायची, तिथं सोसायटीचं गोदाम झालं आहे. तरीही लिहितो आहे, कारण आमच्या टीमचा गोलकीपर एकदा सांगलीला जाणार होता आणि गेला नाही. तो का गेला नाही, हे परवापर्यंत फक्त मला ठाऊक होतं.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. तेव्हा ते इंग्रजी हद्दीत, सातारा जिल्ह्यात होतं. हॉकी गावात आणली पलटणीतल्या माणसांनी. रजेवर आलेला माणूस चार दिवस भावकीत जेवायचा, मग कंटाळायचा आणि तरण्या पोरांना गोळा करून गायरानावर जायचा. स्टिका सियालकोटच्या. मोडल्या की सुतार त्यांना लोखंडी पट्टी मारून द्यायचा, आणि तसली पट्टीची स्टिक समोरच्याच्या नडगीला लागली की सामना तिथंच थांबून भांडण सुरू व्हायचं.

मोठी लढाई लागली आणि टीमची रया गेली. बॉल कसा पुढं न्यायचा हे कळणारे तीन फॉरवर्ड होते, ते तिघेही भरतीत गेले. राहिले ते असे: डाव्या अंगाला गावचा शिंपी, मधे शाळामास्तर, उजवीकडं माणदेशातून मेंढरांबरोबर येऊन इथंच राहिलेला एक धनगर. धनगर असा पळायचा की बघत राहावं, फक्त बॉल मागंच राहायचा. कप्तान होते पेन्शनीतले हवालदार. सगळं गाव त्यांना हवालदारमामा म्हणायचं.

मी खेळत नव्हतो. आम्ही गुरव. भैरोबाची पूजा आमच्या घराकडं, आणि वडील गेल्यावर ती माझ्याकडं आली. सकाळची पूजा उरकली की मी मोकळा, आणि तो सगळा मोकळेपणा मी लाइनीवर उभं राहण्यात घालवला. तिथं माझं तोंड सगळ्यात मोठं. "शिंपीदादा, माप नका घेऊ, मारा आता," असं मी म्हणालो की लोक हसायचे. शिंपी खेळ सोडून मला शिवी हासडायचा, आणि तेवढ्यात बॉल निघून जायचा.

टीम वाईट होती. पण मला ती वाईट वाटायची नाही, तिचं नशीब वाईट वाटायचं. हरून आलो की पुढचे दोन दिवस मी देवळाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पटवायचो की पंच त्यांच्या भावकीतला होता, मैदान नदीकडं उतरतं होतं, मास्तरांच्या अंगात ताप होता. पटायचं कुणालाच नाही. पण एक गोष्ट मला कुणाला पटवावी लागत नसे. आमच्या गोलात जो उभा राहायचा, तसा गडी जिल्ह्यात दुसरा नव्हता.

माझ्याच वयाचा, नदीकाठी उसाची जमीन असलेल्या घरातला. बोलायचा थोडं. पायाला बांधायला पॅड नव्हते, म्हणून त्यानं गोणपाटात कापूस भरून आपल्या हातानं शिवून घेतले होते, ते सुतळीनं बांधायचा. बॉल कुठं येणार हे त्याला मारणाऱ्याच्या आधी कळायचं. जिथं आठ गोल खायचे तिथं आम्ही दोन खाऊन यायचो, आणि त्या दोनावर मी अभिमानानं बोलायचो.

बेचाळीस साल उलटून गेलं होतं. कुंडलच्या अंगानं रोज काहीतरी ऐकू यायचं. कुठं टपाल लुटलं, कुठं चावडी जाळली, कुठं पोलीस आले आणि घरातलं धान्य अंगणात ओतून गेले. उसाच्या फडात भूमिगत माणसं लपून राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणी नव्हतं. रस्त्यावर लॉरीचा आवाज आला की बायका पोरांना आत ओढायच्या. देवळात घंटा वाजवतानासुद्धा मी हात हलका ठेवायचो. अशा दिवसांत हॉकी म्हणजे एवढी एकच जागा होती, जिथं मोठ्यानं ओरडता यायचं.

त्या दिवाळीनंतर सांगलीच्या एका टीमचा माणूस आला. काळी टोपी, काखेत छत्री. त्यांना आमचा गोलकीपर पाहिजे होता. बदल्यात दोन फॉरवर्ड द्यायला तयार होते. मी चौकशी केली. एक मिरजेला रेल्वेत असलेल्या माणसाचा भाऊ, तो सामन्याआधी पिऊन येतो असं कळलं. दुसऱ्याला म्हणे डावीकडं वळता येत नव्हतं. असली अदलाबदल मामा हसून उडवून लावतील असं मला वाटलं. पण मामांनी त्या माणसाला चहा पाजला आणि होय म्हणाले.

गावात रान उठलं. पारावर कुणी म्हणालं, मामाला म्हातारपण लागलं. कुणी म्हणालं, दुभती म्हैस देऊन दोन भाकड गाई आणायला निघाला. सगळ्यात जास्त मी बोललो. साताऱ्याला बक्षिसाच्या ढालीचे सामने तोंडावर आले होते, आणि गोलात उभं कोण राहणार, शिंपी? मामांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. शेवटी जाणत्यांपैकी एकानं म्हटलं की आपल्या गावात लेक द्यायची झाली, बैल विकायचा झाला, तरी देवाला विचारतात. हा तर गावचा गडी. भैरोबाला कौल लावा. मामा त्यावर नाही म्हणू शकले नाहीत. म्हणाले असते तर का म्हणता, असं विचारलं गेलं असतं.

आमच्याकडं कौल असा लावतात. देवाची मूर्ती काळ्या दगडाची. फुलाच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या आणि देवाला प्रश्न विचारून सगळ्यांनी थांबायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कळ्या लावायच्या त्या गुरवानं. दुसऱ्याचा हात मूर्तीला लागत नाही.

आदल्या दिवशी दुपारी मामा देवळात आले. सभामंडपात कुणी नव्हतं. त्यांनी वहाणा काढल्या, खांबाला टेकून बसले, आणि मी गंध उगाळत होतो तिकडं बघत राहिले.

"पोराचं नाव वर गेलंय," ते म्हणाले.

मी सहाणेवरचा हात थांबवला.

"फडातल्या माणसास्नी भाकरी पोचवली त्यानं. दुसरं काय न्हाई, भाकरीच. पर कुणीतरी सांगितलंय. आज ना उद्या येत्याल."

मी घाबरलो, हे मला आठवतं. कुणासाठी, ते मात्र आज नक्की सांगता येत नाही.

"सांगली संस्थानात हाय," मामा म्हणाले. "तितं हितली पोलीस एकदम हात घालत न्हाई. हॉकीसाठी गेला म्हटल्यावर कुणाच्या मनात बी काय यायचं न्हाई. म्हणून त्या दोन दगडांस्नी व्हय म्हटलं मी. तू उद्या तेवढी उजवी पाड, रं."

मी म्हणालो, "आवं मामा, देवाच्या कामात मी हात घालत न्हाई. देव सांगंल ते खरं."

ते खांबाला धरून उठले. मग म्हणाले, "तुझं बी खरं हाय," आणि वहाणा घालून उन्हात निघून गेले.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो की मला पुरतं ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं. एवढ्या स्पष्ट शब्दांत ठाऊक होतं.

संध्याकाळी गायरानावर गेलो. तो गोलात होता, मास्तर जवळून मारत होते आणि एकही बॉल आत जात नव्हता. मी लाइनीवर उभा राहून त्याच्याशिवाय तो गोल बघायचा प्रयत्न केला आणि मला ते जमेना. मग मी मनात हिशेब मांडला. नावं तर सगळ्यांचीच जातात. अर्ध्या गावानं भाकरी पोचवली आहे. पोलीस येतात, ओरडतात, जातात. ढालीचे सामने होईपर्यंत राहिला तर काय बिघडणार आहे? नंतर जाऊ दे सांगलीला. असं करत करत मी ती गोष्ट इतकी लहान केली, की ती दोन कळ्यांत मावली.

सकाळी पूजा करताना देवाच्या डाव्या खांद्यावर तेलाचा हात पुसटसा फिरवला. उजव्या कळीच्या पाठीला घट्ट गंध लावलं. डावीला नुसतं पाणी.

सभामंडप भरला होता. टीममधले सगळे, जाणती माणसं, दाराबाहेर बायका. गोलकीपर पुढं उभा होता, टोपी काढून, हात जोडून. एका म्हाताऱ्यानं देवाला विचारलं, आमचा गडी सांगलीला द्यायचा असला तर उजवी दे, नसला तर डावी दे.  मी गाभाऱ्यात देवाच्या बाजूला उभा होतो. एवढं भय मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. वडील म्हणायचे, देवाच्या कौलात खोट केली तर हात झडतात. मी माझ्या हाताकडं बघत होतो.

उजवी कळी हलली. वाऱ्यानं असेल. मला वाटलं, आता पडली. देव माझं गंध मानणार नाही. आणि त्या एका क्षणात ती पडावी असंही मला वाटलं. आजवर मी त्या क्षणाला धरून राहिलो आहे, माझ्याजवळ तेवढंच आहे. पण मी हात पुढं केला नाही. डावी घसरली आणि देवाच्या पायाशी पडली.

लोकांनी चांगभलं केलं. मामा मान खाली घालून उभे होते. तो मात्र आत वाकून मला म्हणाला, "बरं झालं, गड्या. मला बी जायचं न्हवतं. आई एकली पडली असती." मग मूर्तीकडं बघत म्हणाला, "आता भ्यायचं काम न्हाई. देवानंच ऱ्हा म्हटलंय."

साताऱ्याला आम्ही कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून गेलो. चढ आला की खाली उतरून ढकलायची. अर्धा सामना आम्ही रस्त्यातच खेळलो, असं शिंपी म्हणाला. पहिली फेरी एका तालमीच्या पोरांशी होती. त्यांनी आमच्या गोलावर इतके फटके मारले, की त्यांचा सेंटर फॉरवर्ड शेवटी कमरेवर हात ठेवून आमच्या गोलकीपरकडं नुसता बघत राहिला. आणि शेवटाला शिंप्याच्या स्टिकवर बॉल कसा आला ते त्यालाही कळलं नाही, त्यानं डोळे मिटून मारला आणि तो गोलात गेला. आम्ही जिंकलो. लढाई लागल्यापासून पहिल्यांदा.

मी मैदानात पळत गेलो. सगळ्यांना मिठ्या मारल्या. मामांना म्हणालो, "बघितलंत न्हवं मामा? कौल खरा निघाला." हे मी म्हणालो. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि ते स्टिका गोळा करायला लागले.

दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात होती. परत आल्यापासून मला झोप लागेना. कुत्रं भुंकलं तरी उठून बसायचो. दिवसा नदीकडच्या रस्त्यावर धूळ दिसली की लॉरी असेल म्हणून बघत उभा राहायचो. दोनदा मी गोलकीपरच्या घरापर्यंत गेलो, सांगायला. एकदा त्याची आई अंगणात शेंगा निवडत होती, तिनं मूठभर माझ्या हातात घातल्या. दुसऱ्यांदा तो स्वतः भेटला आणि साताऱ्याचा सामना पुन्हा बोलायला लागला, आणि मी ऐकत बसलो. ऐकायला बरं वाटत होतं.

पोलीस दुपार टळताना आले. बाहेरून आणलेली तुकडी होती, ओळखीचा एकही शिपाई नव्हता. टीम गायरानावर होती, मी लाइनीवर. लॉरी येताना आधी धनगराला दिसली. तो म्हणाला, "पळ, रं." ऊस हाकेच्या अंतरावर होता, पुरुषभर वाढलेला. गोलकीपर पळाला असता तर सापडला नसता. त्यानं उसाकडं बघितलं, मग देवळाच्या शिखराकडं बघितलं, आणि गोलातच उभा राहिला.

त्यांनी नाव विचारलं, त्यानं सांगितलं. पायात पॅड होते. ते सोडायला तो खाली वाकू लागला, पण त्याचे हात मागं धरले होते. मग मी पुढं झालो. का झालो ठाऊक नाही. सुतळीची गाठ घामानं घट्ट झाली होती आणि माझी बोटं वळेनात. तो वरून हळू आवाजात म्हणाला, "सावकाश सोड. भिऊ नगंस." एका शिपायानं मला बाजूला सारून सुतळी कापली. लॉरी गेली. गोणपाटाचे पॅड गोलात पडले होते. ते उचलायला कुणी पुढं होईना, आणि मी तर झालोच नाही.

त्या दिवसापासून टीम संपली. साताऱ्याला कुणी गेलं नाही. मामा देवळात यायचे बंद झाले. एकदा मला नदीवर गाठून त्यांनी विचारलं, "खरं सांग. त्या दिवशी हात घातला न्हवतास न्हवं?" मी म्हणालो, "न्हाई मामा." त्यांनी मान हलवली. "मग देवानंच मारलं म्हणायचं," ते म्हणाले. पुढं जितकी वर्षं जगले, भैरोबाच्या दारात त्यांनी पाय ठेवला नाही. जत्रेतही ते घरी बसायचे.

गोलकीपर सुटून आला तेव्हा लढाई संपली होती. कोठडीत काय झालं हे त्यानं कधी सांगितलं नाही. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन देवळात आला आणि तो माझ्यापुढं ठेवला. "तूच फोड. मला धरता येत न्हाई," म्हणाला. मी फोडला. मग तो जवळ सरकला.

"माझ्यासाठी देवाजवळ एक माग," तो म्हणाला. "आत असताना लयदा मनात आलं, सांगलीला गेलो असतो तर बरं झालं असतं. देवाच्या शब्दावर शंका घेतली मी. तेवढी माफी माग."

मी देवाकडं तोंड केलं आणि त्याच्या नावानं माफी मागितली. मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल अशी. त्यात माझा आवाज कापला नाही.

त्यानंतर मी कौल लावायचं टाळत आलो. चुलतभावाला पुढं करायचो, हात कापतो म्हणून सांगायचो. पण आमचा गोलकीपर यायचा तो माझ्याकडंच. बांधाचं भांडण, विहिरीची जागा, लेकीचं स्थळ, प्रत्येक वेळी. मी नुसतं पाणी लावून कळ्या ठेवायचो आणि त्या पडेपर्यंत त्यांच्याकडं बघायचो नाही.

परवा आला. लेकाला सांगलीला कारखान्यात नोकरी लागते आहे. पण रानात माणूस नाही, स्वतःचा हात असा. पाठवू का नको? "तूच लाव," म्हणाला. "तुझ्या हाताला देव खरं बोलतो."

मी कळ्या पाण्यात बुडवल्या. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेलो आणि पुढं पाऊल उचलेना. त्या तिथंच ठेवल्या आणि त्याच्यासमोर येऊन बसलो. सगळं सांगितलं. मामा आदल्या दुपारी आले होते ते, तेल, गंध, सगळं. 

मग त्यानं विचारलं, "मामास्नी ठाऊक हुतं?"

"न्हाई."

"देवावर राग धरूनच गेलं म्हातारं."

 बाहेर कुणीतरी घंटा वाजवून गेलं.

"ढालीसाठी?" त्यानं विचारलं.

"व्हय."

तो उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत होता, थंडीत चोळतो तशी. "मग ती ढाल कुणाला मिळाली?"

मला ठाऊक नव्हतं. त्या साली साताऱ्याला कोण जिंकलं, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं. तो उठला, टोपी घातली आणि देवाला हात न जोडता गेला.

सोमवारी त्याचा लेक सांगलीच्या मोटारीत बसला. कौल लावला नाही. थांब्याकडचा रस्ता देवळासमोरूनच जातो. पोराची ट्रंक त्यानं स्वतः डाव्या हातात धरली होती, पोरगं मागून वळकटी घेऊन चाललं होतं. येईल, काहीतरी बोलेल, म्हणून मी सकाळपासून सभामंडपात उभा होतो आणि तो येईल म्हणूनच भीत होतो. दोघं जवळ आले तसा मी खांबाच्या आड झालो. ते सरळ पुढं गेले.